बाटली, रांजण आणि नाणेघाट: मुलांसाठी कालप्रवासाची गोष्ट लिहिताना

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही पाचवी-सहावीला शिकवता आणि मुलांसाठी कालप्रवासाची साहसकथा लिहायला घेतली आहे. यंत्रात बसून एक मुलगा १६७४ च्या जून महिन्यात रायगडावर राज्याभिषेकाला पोचतो. दोन प्रकरणं झाली आणि गोष्ट अडली. तो नुसता हिंडतो, बघतो, बघितलेलं आपल्याला सांगतो. तुम्ही विचारता, यंत्र बदलू, काळ बदलू, की मुलगा बदलू? आणि खरं किती ठेवायचं, कल्पनेचं किती?

मी वीसेक वर्षं मुलांसाठी लिहिते आहे आणि मुलांच्या लेखनशिबिरांत इतरांच्या गोष्टी वाचते आहे. अशी अडलेली गोष्ट माझ्याकडे दरवर्षी येते आणि दरवेळी अडण्याचं कारण एकच असतं. मुलाला त्या काळात काही काम नसतं. सोहळ्याला तो पाहुणा म्हणून गेलेला असतो. पाहुण्याला पाट मिळतो, पान मिळतं, पण घरातल्या भानगडीत त्याला कोणी ओढत नाही. साहस त्या भानगडीत असतं. म्हणून आधी यंत्राचा विचार बाजूला ठेवा आणि वहीत एक प्रश्न लिहा: त्या काळी अशी कोणती अडचण होती, जी आज कोणाला येऊच शकत नाही? गोष्ट तिथून निघते.

शिवकाळच हवा असेल तर एक उदाहरण देते. चिपळूणजवळच्या छावणीतल्या जुमलेदार-हवालदारांना शिवाजी महाराजांनी पाठवलेलं एक पत्र उपलब्ध आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि वैरण जपून वापरा, रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका, असं त्यात बजावलं आहे. आणि पुढे दिव्याबद्दल काळजी आहे. रात्री दिवा तसाच जळत राहिला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल, गंजीला आग लागेल, वैरण जाईल आणि घोडी मरतील. आता बघा. बाहेर कोकणातला पाऊस, आत वैरणीची गंज, एक दिवा, एक उंदीर, आणि दिव्याशेजारी राखणीला बसवलेलं आपलं दहा वर्षांचं पोर, ज्याने आयुष्यात बटण दाबूनच दिवा लावलेला आहे. त्याला झोप अनावर झाली आहे. हे प्रकरण मुलं श्वास रोखून ऐकतात. राज्याचा कारभार कसा चालत होता हे त्यांना कोणी समजावून सांगावं लागत नाही.

तरी मी तुम्हाला सुचवेन की पहिली गोष्ट वेगळ्या काळाची लिहा. चौथीच्या पुस्तकामुळे शिवचरित्र मुलांना पाठ असतं. पुढे काय होणार हे वाचणाऱ्याला ठाऊक असेल तर साहसाची धार कमी होते, आणि लिहिणाऱ्याचा हात आदरामुळे जडही होतो. तुम्ही ठाण्याच्या. तुमच्या मुलांना रोज दिसणाऱ्या नावांमध्ये दोन हजार वर्षांपूर्वीचं एक जग दडलेलं आहे: कल्याण, सोपारा, नाणेघाट, जुन्नर, पैठण. रोज नालासोपारा लोकल पकडणाऱ्यांच्या मुलांना हे ठाऊक नसतं की त्याच सोपाऱ्यात सम्राट अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे सापडले आणि १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तिथला स्तूप खणून त्यातला करंडक बाहेर काढला. मी सातवाहन काळावर दोन गोष्टी लिहिल्या आहेत, तेव्हा उदाहरण तिथलंच घेते.

दार कुठे आहे? माझा अनुभव असा की यंत्रावर पानं खर्च करू नयेत. चाकं, बटणं, निळा प्रकाश यात मुलांना दोन मिनिटं मजा येते आणि मग ती विचारतात, "पोचला का?" त्यापेक्षा मुलांना खरोखर जाऊन हात लावता येईल अशी जागा दार म्हणून निवडा. नाणेघाट त्यासाठी फार गुणी आहे. वैशाखऱ्याकडून चढून गेलं की माथ्याच्या थोडं खाली कोरीव लेणं लागतं. भिंतींवर ब्राह्मी अक्षरं आहेत. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. आज त्यांची पावलं तेवढी उरली आहेत, आणि वर सिमुक, सातकर्णी, राणी नागनिका अशी नावं. तिथून घळीतून वर आलं की दगडाचा मोठा रांजण. पावसाळ्याच्या शेवटी तिथे धुकं इतकं उतरतं की पुढचा माणूस दिसत नाही. धुक्यात शिरताना एक काळ आणि बाहेर पडताना दुसरा, एवढं पुरे. नियम मात्र एकच ठेवा आणि शेवटपर्यंत मोडू नका. उदाहरणार्थ, धुकं रांजणापर्यंत चढलं तरच परतता येतं. धुकं आपल्या सोयीने येत नाही, त्यामुळे ताण आपोआप तयार होतो.

ऋतूही दोन्हीकडे एकच ठेवा. त्यामागे पक्कं कारण आहे. इजिप्तकडून तांबड्या समुद्रातून निघालेली जहाजं मोसमी वाऱ्यांवर येत. ती साधारण जुलैत तिकडून निघत आणि पाऊस ओसरताना आपल्या किनाऱ्याला लागत. म्हणजे भाद्रपद-आश्विनात बंदरावर माल उतरतो आणि घाटातली वाहतूक सुरू होते. मे महिन्यात कल्याणला यवनांचं, म्हणजे त्या काळच्या अर्थाने ग्रीकांचं, जहाज आणलंत तर गोष्ट तिथेच खोटी पडते.

आता अडचण शोधू. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने, त्याचं नाव कोणाला ठाऊक नाही, या सगळ्या किनाऱ्याची माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ म्हणून ती ओळखली जाते. त्यात सोपारा आहे, कल्याण आहे, पैठण आहे, तगर म्हणजे आपलं तेर आहे. पैठणहून गाड्या भरभरून गोमेदासारखे खडे गुजरातेतल्या भडोच बंदराला जात आणि तेरकडून कापड, असं तो लिहितो. आणि कल्याणबद्दल एक चमकदार वाक्य आहे. कल्याण पूर्वी रीतसर व्यापाराचं बंदर होतं, पण सत्ता बदलल्यावर तिथे अडथळे आले, आणि आता ग्रीक जहाज चुकून तिथे लागलं तर ते पहारा देऊन भडोचला नेलं जातं. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी पुस्तक खाली ठेवून बराच वेळ बसून राहिले होते. पहाऱ्यात नेलेलं जहाज! त्यावरच्या माणसांना काय वाटलं असेल? किनाऱ्यावरच्या, त्यांच्या मालावर पोट असलेल्या माणसांनी काय केलं असेल? कोणी रात्री गुपचूप माल उतरवला असेल का? एका वाक्यात अख्खी साहसकथा आहे आणि आपल्याला ती शोधून काढावीसुद्धा लागली नाही.

शिबिरात मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला: "मोबाईल नेता येईल का?" मी नाही म्हणते. मोबाईल गेला की गोष्ट मोबाईलची होते. मी मुलांना म्हणते, तुमच्या दप्तरातली सगळ्यात साधी वस्तू न्या. एकदा एका मुलीने पाण्याची बाटली पुढे केली, पारदर्शक प्लास्टिकची, नेहमीची. त्या बाटलीने माझी गोष्ट उभी केली. कारण त्याच ‘पेरिप्लस’मध्ये भडोचला बाहेरून येणाऱ्या मालाच्या यादीत कच्ची काच आहे. प्लास्टिक कोणी पाहिलेलं नाही, काच मात्र ऐकलेली आहे, ती यवनांकडून येते, आणि यवनांच्या जहाजांवर इथे पहारा आहे. मग घाटमाथ्यावर एका पोरीच्या हातात आरपार दिसणारं भांडं आलं कुठून?

त्या प्रकरणातला तुकडा देते, म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल:

"सईने दोन घोट पाणी प्यायलं आणि टोपण लावलं. समोरचा माणूस बाटलीकडे बघत होता. त्याने हात पुढे केला. सईने बाटली दिली. बाटलीपलीकडे त्याला स्वतःचीच बोटं दिसली, वाकडी आणि जाड. त्याने ती हलक्या हाताने दगडावर टेकवली, फुटेल म्हणून. मग उचलली आणि कपाळाला आठ्या घातल्या. इतकी हलकी?

‘यवन?’ त्याने विचारलं.

सईला तो शब्द कळला. नको तेव्हा कळला. तिने मान हलवली. त्याने खाली कोकणाकडे बोट दाखवलं, मग तिच्या चपलांकडे, मग पुन्हा बाटलीकडे. मागे बैलाच्या गळ्यातली घंटा वाजली आणि थांबली. सगळे थांबले होते."

यात एकही सन नाही, राजाचं नाव नाही. पण व्यापार, संशय, बदललेली सत्ता, घाटाचं महत्त्व हे सगळं त्या बाटलीभोवती गोळा झालं आहे. पुढे सईला आपण जहाजावरून आलो नाही हे पटवायचं आहे आणि धुकं ओसरायच्या आत बाटली परत मिळवायची आहे, कारण प्लास्टिक मागे ठेवून येणं तिला बरोबर वाटत नाही. तिला हे वाटणं मुलांना फार पटतं.

भाषेचं काय, हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. पुष्कळ लेखक जादूने भाषा समजायला लावतात आणि मोकळे होतात. मला ते हातचं सोनं फेकल्यासारखं वाटतं. त्या काळची इथली बोली प्राकृत होती, आणि आपली मराठी तिच्याच वंशातली. हाताला हत्थ, कानाला कण्ण, दुधाला दुद्ध, आजला अज्ज, पोटाला पोट्ट. मुलांसमोर हे शब्द नुसते मोठ्याने म्हणा आणि त्यांचे चेहरे बघा. तिसऱ्या शब्दाला ती स्वतःच अर्थ ओरडतात. तेव्हा सईला निम्मं कळू द्या, निम्मं चुकीचं कळू द्या. पोट्टावर हात ठेवून "दुद्ध" म्हणणारं लहान पोर तिला लगेच समजतं. मोठ्यांची भांडणं समजत नाहीत. शाळेत नव्याने आलेल्या मुलाची हीच अवस्था असते, म्हणून वाचणाऱ्याला ती ओळखीची वाटते.

अंकांची गंमतही सोडू नका. नाणेघाटच्या लेखात यज्ञांच्या दक्षिणा मोजून लिहिल्या आहेत, गाई किती, कार्षापण म्हणजे नाणी किती. त्यामुळे तिथले ब्राह्मी अंक हे आपल्याकडच्या सर्वात जुन्या अंकांपैकी आहेत. त्यात शून्य नाही. दहाला वेगळं चिन्ह, विसाला वेगळं, शंभराला वेगळं, हजाराला वेगळं, आणि हजाराच्या चिन्हाला चाराचं चिन्ह जोडलं की चार हजार. गणितात हुशार असलेली आपली मुलगी मातीत बोटाने शंभर लिहिते आणि समोरच्याला दिसतात दोन रिकामी वर्तुळं. हे दृश्य मी शिबिरात करून घेते. एक मुलगा व्यापारी, एक प्रवासी, बोलायचं नाही, फक्त मातीत लिहून दहा पोत्यांचा हिशेब पटवायचा. पाच मिनिटांत शून्याची किंमत मुलांना जितकी कळते तितकी मला तासभर बोलून सांगता येणार नाही.

खाण्यापिण्यात सगळ्यात जास्त चुका होतात, आणि मुलं त्या पकडतात. माझ्या पहिल्या खर्ड्यात घाटातली म्हातारी भाकरीबरोबर मिरचीचा ठेचा वाढत होती. एका सहावीतल्या मुलीने विचारलं, "मिरची तर पोर्तुगीजांनी आणली ना?" बरोबर होतं तिचं. मिरची, बटाटा, टोमॅटो, मका, शेंगदाणा, काजू, पेरू, पपई हे सगळं अमेरिका खंडातलं, ते आपल्याकडे आलं १४९८ नंतरच. साबुदाणा ज्या कंदाचा होतो तोही तिकडचाच. मग तिखट काय? मिरी, पिंपळी, आलं. म्हणजे उपासाला खिचडी नाही, वडापाव नाही, चहा नाही. पण भात आहे, तीळ आहे, ताक आहे. नारळही आहे: क्षत्रप म्हणजे शक राजा नहपान, त्याचा जावई उषवदात याने नारळाची ३२,००० झाडं दान दिल्याचा लेख नाशिकच्या लेण्यांत आहे. तीच काळजी बाकीच्या गोष्टींत घ्या. कागद नाही, म्हणजे चिठ्ठी नाही. बैलांच्या पाठीवर माल आहे म्हणून लमाणांचा तांडा लिहायचा मोह होईल, पण ती ओळख बरीच नंतरची. त्या काळचा शब्द सार्थ, आणि त्याचा प्रमुख सार्थवाह. मुलांना हा शब्द आवडतो.

खरं किती, कल्पित किती? मी खर्ड्यावर तीन रंगांच्या पेन्सिली वापरते. लेखात, नाण्यावर, उत्खननात किंवा जुन्या ग्रंथात आधार आहे त्याखाली निळी रेघ. आधार थेट नाही, पण त्या काळाला धरून आहे, त्याला हिरवी. माझ्या मनाचं ते लाल. रांजणाचंच बघा. रांजण खरा, डोळ्यांनी दिसतो, तो निळा. त्यात जकातीची नाणी टाकत, हे आपण सगळे ऐकत आलो, तिथे गेल्यावर कोणीही सांगतो. पण लेण्यातल्या लेखात जकातीचा उल्लेख नाही. म्हणून ती ओळ हिरवी. सई लाल. पूर्ण पान लाल दिसलं की मी पुन्हा वाचायला बसते. पूर्ण पान निळं झालं तर ते पान पाठ्यपुस्तकाचं झालेलं असतं आणि मी त्यातलं अर्धं काढते. पुस्तकाच्या शेवटी दोन पानं "यातलं खरं काय?" म्हणून द्याच. मुलं ती सर्वांत आधी वाचतात असं मी कितीदा पाहिलं आहे. आपल्याला कोणी फसवत नाही हे कळलं की ती कल्पनेवर जास्त विश्वास टाकतात.

त्यातच काळाची खोली दाखवायची एक संधी आहे. नाणेघाटातला नागनिकेचा लेख बहुतेक अभ्यासक इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला मानतात, आणि कल्याणच्या जहाजांची गोष्ट त्यानंतरची. म्हणजे सई तिथे पोचते तेव्हाही ती अक्षरं जुनी झालेली आहेत. तिच्या वयाची तिथली पोर तिला लेणं दाखवते आणि आपल्या पणजीच्या आधीचं आहे, अशा अर्थाने हात मागे उडवते. इतिहासातल्या माणसांनाही इतिहास होता, हे मुलांना पहिल्यांदा जाणवतं ते अशा हातवाऱ्यातून.

मुलगी नायिका म्हणून चालेल का, असं तुम्ही बिचकत विचारलं आहे. अगदी चालेल. ज्या लेण्यातून ती जाते तिथल्या लेखात राणी आहे. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी आईच्या नावाने ओळखला जातो. कान्हेरी, कार्ले, जुन्नर इथल्या दानलेखांत बायकांची नावं आहेत, भिक्षुणी आहेत, कोणाच्या आया आहेत. आणि साध्या माणसांची तर रेलचेल: जुन्नरच्या लेखांत धान्याच्या व्यापाऱ्यांची श्रेणी म्हणजे संघ, बुरूडकाम करणाऱ्यांची, कासारांची. पाण्याच्या टाक्याला तिथे ‘पोढी’ म्हटलं आहे, आणि अशा दोन पोढी दान देणारा इरिल नावाचा यवन आहे. ग्रीक देशातून आलेला कोणी, किंवा त्याचा मुलगा-नातू, आपल्या डोंगरात पाण्याची टाकी दान देतो. सईला तहान कुठे भागवायला पाठवाल? मी तिला त्या टाक्याशी पाठवलं.

मोठ्या राजांना मात्र बोलकं करू नका, निदान पहिल्या गोष्टीत. त्यांच्या तोंडी घातलेलं प्रत्येक वाक्य मुलं खरं म्हणून घरी नेतात. दुरून दिसू द्या, त्यांच्या हुकमाचा परिणाम दिसू द्या. नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला १९०६ मध्ये चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. १३,००० हून जास्त नाणी नहपानाची, त्यांतल्या ९,००० हून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राने आपली मुद्रा पुन्हा ठोकलेली. राजाच्या चेहऱ्यावर दुसऱ्या राजाचा शिक्का. तळहातावर असं नाणं घेऊन उभी असलेली मुलगी, आणि समोरचा दुकानदार ते घ्यावं की नाही म्हणून दोन्ही बाजू उलटसुलट करून बघतोय. युद्ध कोणी जिंकलं ते मुलांना तिथे कळतं, आणि जिंकल्यावर साध्या माणसाच्या पोटात कसा गोळा येतो तेही.

कठीण गोष्टी लपवू नका. दास होते, भूक होती, लढाईत माणसं मरत. दहा वर्षांच्या मुलाला हे सांगता येतं, फक्त एका माणसाच्या रूपाने सांगा आणि रक्तापाशी रेंगाळू नका. आणि त्या काळचं सगळंच थोर होतं किंवा सगळंच मागासलेलं होतं, अशी पट्टी सईच्या तोंडून वाचू नका. तिला एखादी गोष्ट आवडली नाही तर न आवडू द्या.

तुमच्या खर्ड्यातलं पहिलं प्रकरण मला आवडलं. तो मुलगा दप्तर आवरताना आईशी जे बोलतो ते जिवंत आहे, ते ठेवा. दुसरं प्रकरण बाजूला काढा. पाऊस ओसरला की वर्गातल्या चार-पाच मुलांना, त्यांच्या पालकांसह, नाणेघाटात घेऊन जा. खालून चढायचं नसेल तर जुन्नरहून घाटघरपर्यंत रस्ता आहे. लेण्यातल्या त्या उरलेल्या पावलांसमोर मुलांना बसवा आणि काही सांगू नका. त्यांनी विचारलेले पहिले दहा प्रश्न लिहून घ्या. माझ्या वेळी पहिला प्रश्न होता, "यांची डोकी कुठे गेली?" आणि दुसरा, "इथे रात्री कोण राहायचं?" या दुसऱ्या प्रश्नावर मी तीन प्रकरणं लिहिली.